सेल्फ लागत नाही? नवी बॅटरी आणायच्या आधी जोड तपासा



पाऊस उघडला, दोन दिवसांत वाफसा आला, कपाशीत तण डोकं वर काढायला लागलं, आणि नेमका त्याच सकाळी मिनी ट्रॅक्टरचा सेल्फ लागत नाही. आपल्या जळगाव-धुळ्याकडे हे नवीन नाही. काळ्या जमिनीचा वाफसा मिस्त्रीची वाट बघत थांबत नाही. मग घाईत माणूस दोनपैकी एक करतो. एक तर सरळ नवी बॅटरी आणतो, नाहीतर खाली उतरून सेल्फच्या दोन बोल्टांना पाना लावून ठिणगी पाडतो. पहिल्यात पैसे जातात. दुसऱ्यात जीव जाऊ शकतो. म्हणून आजची नोंद जरा मोठी आहे, पण पूर्ण वाचा.

आधी आवाज ऐका. आवाजच अर्धं निदान सांगतो.

चाबी फिरवल्यावर काहीच आवाज नाही : बॅटरी पूर्ण उतरलेली, जोड सुटलेला, फ्यूज उडालेला किंवा सेफ्टी स्विच अडवतोय.
टक टक टक असा भराभर आवाज : बॅटरी कमजोर किंवा जोड खराब.
एकच जोरात "टक" आणि पुढे शांत : सोलेनॉइडचे आतले संपर्क जळालेले, सेल्फ जाम, किंवा मोठी केबल खराब.
सेल्फ घर्र फिरतो पण इंजिन फिरत नाही : सेल्फची पिनियन दात पकडत नाही.
इंजिन जोमात फिरतं पण पेटत नाही : हे लाइटचं काम नाही. डिझेल, हवा, फिल्टर बघा.

आता मुख्य गोष्ट. "हेडलाइट तर लख्ख लागतो, मग जोड चांगलेच असतील," असं सगळे म्हणतात. हे खरं नाही. दहावीला ओहमचा नियम होता. तेव्हा मार्कांपुरता पाठ केला, कामाला आला तो ट्रॅक्टरवर. समजा टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी आली आणि तिथे ओहमचा फक्त शंभरावा भाग एवढाच अडथळा तयार झाला. 55 वॅटचा बल्ब साडेचार अँपिअरच्या आसपास ओढतो. त्याचा व्होल्ट त्या जोडावर जवळपास बुडतच नाही, म्हणून लाइट लख्ख. पण सेल्फ 200 अँपिअर ओढायला गेला की त्याच जोडावर 2 व्होल्ट बुडतात. बॅटरी आधीच ताणाखाली साडेदहावर आलेली, त्यातून 2 गेले. राहिले साडेआठ. सोलेनॉइड पकडतो-सोडतो, पकडतो-सोडतो, आणि आपण म्हणतो बॅटरी गेली.

गेल्या जुलैत आमच्या बांधावर हेच झालं. सेल्फ टकटक करत होता. पुतण्या पाना घेऊन मागच्या चाकापुढे जाऊन उभा राहिला, म्हणे, "काका, सरळ लावून देऊ का?" मी म्हटलं, "बेटा, आधी बाजूला हो. मग बोलू." मीटर लावला. बॅटरीवर 12.5 व्होल्ट. म्हणजे बॅटरी जिवंत. मग मायनसची बाजू मोजली, तर सेल्फ मारताना दीड व्होल्टच्या वर तिथेच बुडत होते. चेसिसला जिथे मायनसची पट्टी आवळलेली असते, त्या बोल्टाखाली चिखल आणि गंज. बोल्ट काढला, पॉलिश पेपरने घासून लोखंड चमकवलं, आवळला. पहिल्या झटक्यात चालू. नवी बॅटरी घेतली असती तर तीही आठ दिवसांत टकटक करायला लागली असती.

तपासायचा क्रम असा ठेवा.

सुरुवातीला गिअर न्यूट्रल. नुसतं बघू नका, दांडा हाताने हलवून खात्री करा. पीटीओ बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकांना पुढून-मागून दगड. इंजिन बंद करायचा नॉब ओढून ठेवा, म्हणजे सेल्फ फिरेल पण इंजिन पेटणार नाही. मीटरच्या वायरी लांब आणि चिमट्याच्या घ्या, म्हणजे चाकापासून लांब उभं राहता येतं. चाबी सीटवर बसलेल्या माणसानेच मारायची. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही.

एक, बॅटरी. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरची सकाळी मोजा. 12.6 म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी, 12 च्या खाली म्हणजे आधी चार्ज करा. सेल्फ मारताना बॅटरीच्या खुंट्यांवर साडेनऊच्या खाली गेली तर बॅटरीत दम नाही. झाकणाची बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने सहाही खाने बघा. एकच खाना बाकीच्यांपेक्षा बराच उतरलेला असेल तर तो खाना गेला.

दोन, प्लसची बाजू. मीटरचा एक चिमटा बॅटरीच्या प्लस खुंटीवर, दुसरा सेल्फच्या मोठ्या बोल्टावर. चिमटा खुंटीवरच लावा, केबलच्या लगवर नको, नाहीतर खराब जोड मापातून सुटतो. सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर त्या वाटेत दोष आहे.

तीन, मायनसची बाजू. एक चिमटा मायनस खुंटीवर, दुसरा सेल्फच्या अंगावर. इथेही तेच. ही बाजू कोणी बघत नाही.

चार, बारीक वायर. सोलेनॉइडवर जी बारीक वायर येते तिथे टेस्ट लॅम्प लावा आणि चाबी मारा. लॅम्प लागला तर दोष सोलेनॉइडमध्ये किंवा सेल्फमध्ये. नाही लागला तर फ्यूज, चाबी आणि सेफ्टी स्विचकडे जा. शेडमध्ये उभ्या ट्रॅक्टरच्या वायरी उंदीर कुरतडतात, तेही बघा.

पाच, चार्जिंग. इंजिन चालू असताना बॅटरीवर 13.8 ते 14.5 यायला हवेत. चढतच नसेल तर पट्टा ढिला किंवा अल्टरनेटर. 15 च्या वर जात असेल तर रेग्युलेटर. तो बॅटरीचं पाणी उकळवून टाकतो.

टर्मिनल काढताना मायनस आधी, जोडताना मायनस शेवटी. बुरशी खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, पण ते पाणी खान्यात जाऊ देऊ नका. घासून आवळल्यावर वरून व्हॅसलीन लावा. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून जवळ बिडी-काडी नको.

आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो. त्या उन्हात बॅटरीचं पाणी लवकर आटतं. पंधरा दिवसांनी बघा आणि फक्त डिस्टिल्ड पाणी टाका. बोअरचं पाणी नको, त्यातले क्षार प्लेटा खराब करतात.

आता पान्याबद्दल. क्लचखाली किंवा गिअरपाशी जो सेफ्टी स्विच असतो, तो गिअरमध्ये असताना सेल्फला करंट जाऊ देत नाही. परदेशात बसून चालवायची गवत कापायची छोटी मशीन असते, तिच्या तर सीटखालीही स्विच असतो. आपल्याकडे हा स्विच चिखलाने अडकला की लोक दोन वायरी पिळून कायमचा जोडून टाकतात. आणि सेल्फच्या बोल्टांना पाना लावला की चाबी, क्लच, स्विच सगळं बाजूला पडतं. गिअर अडकलेला असेल तर इंजिन पेटताच ट्रॅक्टर पुढे निघतो, आणि पाना धरलेला माणूस मागच्या चाकाच्या वाटेतच असतो. सरकायला क्षणही मिळत नाही.

गाडीला सेल्फ आला तो 1912 मध्ये, कॅडिलॅक मोटारीला. त्याआधी हँडल मारावं लागायचं आणि हँडल उलटं फिरलं की मनगट मोडायचं. विहिरीवरच्या जुन्या डिझेल इंजिनाचं हँडल ज्यांनी मारलंय, त्यांना हे सांगायला नको. माणसाने सीटवर बसून सुखरूप चालू करावं, यासाठी सेल्फ आहे. आपण मात्र खाली उतरून, चाकापुढे उभं राहून तो पान्याने चालू करतो.

एक साधा मीटर, एक टेस्ट लॅम्प, पॉलिश पेपर आणि 10-12-13 चे पाने, एवढं टूलबॉक्समध्ये ठेवा. सेफ्टी स्विच बिघडला तर नवीन बसवा, वायरी पिळू नका. आणि घरातल्या पोरांना आजच सांगा : ट्रॅक्टर सीटवर बसूनच चालू करायचा. एक दिवस कोळपणी राहिली तर मजूर लावून उरकता येईल.