चकाकी किती ठेवायची

तळा गावात पावसाळ्यात छपाईसाठी चित्राचा फोटो काढायचा, तर आधी खिडकी झाकावी लागते. बाहेर तळगडाचा डोंगर, झाडं, भातखाचरं, सगळं हिरवंगार. तोच हिरवा उजेड खोलीत शिरून कॅनव्हासच्या पांढऱ्यावर उतरतो. डोळा त्याला सरावतो, कॅमेरा सरावत नाही. म्हणून खिडकीला आणि समोरच्या भिंतीला काळं कापड. उजेड फक्त दोन दिव्यांचा, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांतून येणारा.

मोजमाप इथे चुकवून चालत नाही. ९० बाय ६० सेंटिमीटरचं चित्र मूळ आकारात, इंचाला ३०० पिक्सेल धरून छापायचं, तर साधारण साडेसात कोटी पिक्सेल लागतात. एवढे कॅमेऱ्यात नसतील, तर चित्र तुकड्यातुकड्यांनी टिपून जोडायचं. कॅमेरा समांतर आहे ना, हे चित्राच्या जागी आरसा धरून पाहायचं: भिंगाचं प्रतिबिंब बरोबर मधोमध दिसलं पाहिजे. २४ रंगांचा तक्ता चित्राशेजारी ठेवून एक फोटो घ्यायचा. पुढे रंग जुळवताना तोच आधार. दमट हवेत कॅनव्हास ढिला पडतो, तेव्हा कडा आणि मध्य दोन्हीकडे फोकस तपासायचा.

खरा प्रश्न तैलरंगाच्या चकाकीचा. दिव्यांवर आणि भिंगावर पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा उजेड जाऊ देणारी गाळणी, लावून भिंगावरचा फिरवला की ती पुसली जाते आणि गडद रंग खोल, स्वच्छ दिसू लागतात. पण त्याच फटक्यात सोनेरी रंग काळवंडतो, पॅलेट नाइफने दिलेले जाड थर सपाट होतात. रंग बरोबर येतो, चित्रकाराचा हात मात्र नाहीसा होतो.

छापील चित्रात चकाकी राखण्याचा प्रश्न जुनाच आहे. चित्रकार राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. पुढे तो मळवलीला गेला. तिथे प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरून छपाई होई, आणि काही ओलिओग्राफांवर, म्हणजे तैलचित्रासारख्या छापील चित्रांवर, व्हार्निश चढवून तैलचित्राची चकाकी आणली जाई. चकाकी हा चित्राचाच भाग आहे, हे त्या कारागिरांना पक्कं ठाऊक होतं.

म्हणून मी दोन फोटो घेतो: एक चकाकी पूर्ण मारलेला, दुसरा पोलरायझर थोडा सैल फिरवलेला. दुसऱ्यातला थरांचा उंचसखलपणा पहिल्यात हलक्या हाताने मिसळतो. रंग तक्त्याशी ताडता येतो. चकाकीला तक्ता नाही. ती किती ठेवायची, हे छापलेला नमुना मूळ चित्राशेजारी लावून, शक्यतो चित्रकारासोबत ठरवावं. हा वेळ वाचवू नये.