एका हाताची स्टिक

दुकानात हॉकीची स्टिक घ्यायला आलेला माणूस हटकून एकच गोष्ट करतो. दोन्ही हातांनी ती धरतो, ब्लेड जमिनीला टेकवतो आणि अंगाचा भार टाकून दांडा किती वाकतो ते बघतो. फॉरवर्डने हे जरूर करावं, त्याला गोल मारायचे असतात. डिफेन्सला खेळणाऱ्याने मात्र आधी खालचा हात सोडून द्यावा. वरच्या एकट्या हाताने स्टिक पुढे लांबवावी आणि ब्लेड झटझट डावी-उजवीकडे फिरवून बघावं. मनगट कुरकुरायला लागलं, तर ती स्टिक कितीही भारी असो, मुकाट्याने जागेवर ठेवावी.

न्यू जर्सीत इनलाइन स्केट्सवर हॉकी खेळताना मी कायम मागेच राहिलो, म्हणून हे बोलतोय. आमच्या रिंकवर प्लास्टिकच्या टाइल्स. गोलकीपर सोडला तर एका बाजूला चारच जण, म्हणजे मागे दोघे. अंगाने धडक द्यायला मनाई. ऑफसाइड नाही, त्यामुळे समोरचा एखादा पठ्ठ्या खुशाल आपल्या पाठीमागे जाऊन लांबच्या पासची वाट बघत उभा राहतो. त्यातून चाकांवर बर्फासारखं कचकन थांबता येत नाही. धडक द्यायची सोय नाही आणि पाय उशिरा पोचणार, मग आडवं घालायला उरतं काय? स्टिकच. पासच्या वाटेत ब्लेड टाकून ठेवायचं, नाहीतर पक, म्हणजे चेंडूच्या जागची चकती, टोचून काढायचा. ही दोन्ही कामं बहुतेक वेळा एकाच हाताने होतात.

म्हणून मी वजनापेक्षा तोल बघतो. हलकी म्हणून विकलेली स्टिकसुद्धा ब्लेडकडे जड असू शकते, आणि तशी स्टिक लांबवून धरणं म्हणजे भरलेला झारा हात ताठ करून धरणं. यावर एक स्वस्त उपाय आहे. कॉम्पोझिट दांडा आतून पोकळ असतो. त्याच्या वरच्या तोंडात लाकडी प्लग गरम गोंदाने बसवला की लांबी वाढते आणि थोडं वजन हाताकडे सरकतं.

लांबी मोजायची ती स्केट्स घालूनच, कारण चाकांवर उंची तीनेक इंचांनी वाढते. स्टिक हनुवटीला लागावी, असं विक्रेता सांगेल. मी नाकापर्यंत जातो, त्यापुढे नाही. एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या बर्फावरच्या व्यावसायिक लीगमध्ये, दांड्याची मर्यादा 63 इंच आहे. साडेसहा फूट किंवा त्याहून उंच खेळाडूंना 65 इंचांपर्यंत सूट मिळू शकते. तिथल्या सहा फूट नऊ इंचांच्या डिफेन्डर झ्डेनो चाराची स्टिक पुढे आली की अर्धं रिंक बंद व्हायचं. आपण तो मोह धरू नये. भिंतीजवळच्या कोपऱ्यात पक पायांशी अडकतो, तेव्हा लांब दांड्याचं वरचं टोक आपल्याच बरगडीत घुसतं.

फ्लेक्सवर लोक तासन्‌तास वाद घालतात. 75, 85, 100 असे आकडे दांड्यावर छापलेले असतात. दांडा एक इंच वाकवायला साधारण तेवढे पौंड जोर लागतो. आपल्या वजनाच्या पौंडांचा निम्मा आकडा घ्यावा, हा ठोकताळा पुरेसा आहे. फक्त वरून कापली की स्टिक आणखी ताठ होते, हे ध्यानात ठेवावं. ‘डिफेन्सला ताठच हवी’ हा बर्फावरच्या हॉकीचा वारसा. आमचा पक बराच हलका, त्याला तोफ कशाला? ब्लेडचा बाकही बेताचाच बरा, म्हणजे भिंतीलगत पाठच्या बाजूनेही पक सरळ बाहेर काढता येतो.

ब्लेडचा दांड्याशी असलेला कोन, म्हणजे ‘लाय’, जुळतोय का, ते ब्लेडवरची टेपच सांगते. टाइल्सवर टेप भराभर झिजते, दोन-तीन सामन्यांनंतर ब्लेड उलटं करून बघा. टोकाकडे झिजली असेल तर लायचा आकडा वाढवायला हवा, टाचेकडे झिजली असेल तर कमी करायला हवा. मधोमध झिजली तर पुढची स्टिकही त्याच आकड्याची घ्या.

राहता राहिला हाताचा प्रश्न, आणि तो आपल्याकडून गेलेल्यांना जास्त भेडसावतो. लहानपणापासून बॅट धरलेली, त्यामुळे डावा हात आपोआप वर जातो आणि आपण ‘राइट’ स्टिक उचलतो. मैदानी हॉकी खेळलेल्यांचंही तेच. म्हणजे एका हाताने टोचायची वेळ आली की काम डाव्याच्या गळ्यात. कॅनडात उजखोरी पोरंही सर्रास उजवा हात वर ठेवून ‘लेफ्ट’ खेळतात. माझा डावा आता तयार झालाय, मी बदलणार नाही. पण नवख्या, उजखोऱ्या डिफेन्डरला मी आधी लेफ्ट स्टिक हातात देतो. पहिले काही आठवडे तो मला शिव्या घालतो. घालू दे.