एक ससा की दोन?

ससा पाळायचा ठरला तेव्हा माझं त्यातलं ज्ञान गाजरापाशी संपत होतं. लेकीला दोन हवे होते. मी म्हटलं, एकच, खर्च निम्मा. पुण्यातच सोडून दिलेले ससे सांभाळणाऱ्या एका ताईंकडे गेलो, तर त्यांनी आधी विचारलं, "दादा, दिवसा घरी कोण असतं?" आम्ही दोघं ऑफिसात, लेक शाळेत. बोलता बोलताच माझा आवाज बारीक झाला.

शिवारात दिसतो तो रानससा निराळा, हे मला तिथे कळलं. तो एकटा राहतो आणि 1972च्या वन्यजीव कायद्यामुळे त्याला पाळताही येत नाही. पाळीव सशाचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडचे, बिळं खणून गोतावळ्यात राहणारे. त्याला अंग चाटायला, टेकून बसायला दुसरा ससा लागतो. मी म्हटलं, "मी खेळेन की त्याच्याशी!" तो खेळतो पहाटे आणि तिन्हीसांजेला. बाबा रविवारी नऊच्या आत उठत नाहीत, ही माहिती लेकीने लगेच पुरवली.

मग मी एकदम उदार झालो. एक नर, एक मादी द्या! पण सशीण महिन्याभरात विते आणि व्यायल्यावर काही तासांतच पुन्हा गाभण राहू शकते. बरं, दोन नर? वयात आले की एकमेकांना फाडतात. शिवाय पिल्लांमध्ये नर-मादी ओळखणं अवघड. ताईंनी दोन पिल्लं धरून फरक दाखवला. मी चष्मा पुसून पाहिलं, मला दोन्हीकडे सारखंच दिसलं.

उपाय नसबंदीचा. जवळच्या दवाखान्यात फक्त कुत्री-मांजरं बघत होते. शेवटी ससे तपासणारे डॉक्टर सापडले. माद्यांना उतारवयात गर्भाशयाचा कर्करोग बराच होतो, तो धोका शस्त्रक्रियेने टळतो. नराला मात्र नंतरही काही आठवडे वेगळा ठेवायचा, म्हणाले. मी जाणकारासारखा म्हणालो, "उपाशीपोटी आणतो." डॉक्टर दचकले. सशाला ओकता येत नाही, त्यामुळे उपासाची गरज नसते. उलट त्याचं खाणं थांबलं की आतडी मंदावतात आणि जिवावर बेतू शकतं.

अखेर ताईंकडची मोठी, नसबंदी झालेली जोडी ठरली, पण दोघांची गाठभेट व्हायची होती. आधी शेजारी-शेजारी पिंजरे, अंथरुणांची अदलाबदल, मग दोघांनाही परक्या जागेत भेटवणं. आमच्या बाथरूममध्ये कांदेपोह्यांचा कार्यक्रम झाला. दोघं पाठ फिरवून बसले. काही दिवसांनी सशिणीने त्याच्यापुढे डोकं टेकवलं. मी हळवा होऊन म्हटलं, नमस्कार करतेय! ताई म्हणाल्या, "हुकूम सोडतेय. चाट म्हणतेय." आणि त्याने निमूट चाटलं.

एकाच खर्चात दोन मात्र होत नाहीत. मुख्य जेवण वाळलेलं गवत, कारण दात जन्मभर वाढतात आणि चावूनच झिजतात. गाजर गोड, म्हणून क्वचित. एप्रिल-मेचा उकाडा सशांना सोसत नाही. पंखा लागतो, गार फरशी लागते. आणि हे सगळं आठ-दहा वर्षं.

तेव्हा दोघांचा डॉक्टर परवडत असेल तर दोन घ्या, नाहीतर एकही नको. आणि ससा बघायला जाण्याआधी ससे तपासणारा डॉक्टर शोधून ठेवा.