वहीतला शेवटचा प्रश्न

हे गेल्यावर ६ महिने धड झोप नव्हती. सूनबाई म्हणाली, "आई, मानसतज्ज्ञांकडे जाऊया." मी चिडलेच. मला काय वेड लागलंय?

गेले खरी, पण वहीत प्रश्न लिहून (मास्तरीणबाई ना!). शिक्षण काय? क्लिनिकल सायकॉलॉजिस्टना लागते ती भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का? फी किती? त्या बाई रागावल्या नाहीत. गोळ्या त्या देत नाहीत, लागल्याच तर मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवतात, हेही तेव्हाच कळलं.

शेवटचा प्रश्न सूनबाईला बाहेर बसवून विचारला. "इथलं घरी सांगाल?"

"जिवाला धोका वाटला तरच. एरवी तुम्हाला विचारल्याशिवाय नाही."

मग उरलेला सगळा वेळ मी यांच्यावर किती रागावलेय ते बोलले. घरात कुणालाच माहीत नव्हतं. आता तुम्हा सगळ्यांनाच कळलं म्हणा!