तेल लावण्याआधी

दिवाळीच्या पहिल्या दिवशी पहाटे आई पाठीला तेल चोळायची, मग उटणं. माझा अभ्यंगाचा अनुभव तेवढाच. प्रा. माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या आमच्या बडोद्यात मालिश काही नवी नाही, पण आमच्या घरात ती आजोबांबरोबरच संपली. दहा-बारा वर्षं लॅपटॉपपुढे बसून माझी मान आखडली, तेव्हा ठरवलं, केरळला जायचं. आईलाही घेतलं. तिचे पाय नेहमीच भरून यायचे.

जुलैअखेरची गोष्ट. मल्याळी पंचांगातला कर्कटकम् महिना चालू होता. पावसाळ्याचा हा महिना तिकडे अशा उपचारांसाठी चांगला मानतात. बडोद्याहून कोकण रेल्वेने एर्नाकुलम, म्हणजे साधारण दीड दिवस. धबधबे, बोगदे, हिरवीगार भातशेती. आईने खिडकीची जागा काही सोडली नाही. "उठ गं, जरा पाय मोकळे कर," म्हटलं की म्हणायची, "रत्नागिरी जाऊ दे, मडगाव जाऊ दे."

एर्नाकुलमहून बोटीने फोर्ट कोचीला गेलो. किनाऱ्यावर ती मोठमोठी चिनी जाळी पावसात भिजत उभी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आयुर्वेद केंद्रात गेलो. तिथे आधी हातात फॉर्म आला. रक्तदाब, मधुमेह, शस्त्रक्रिया, चालू औषधं, ॲलर्जी, कुठे सूज किंवा दुखणं. कामाच्या सवयीने मी दोघींचे फॉर्म दोन मिनिटांत भरले. कुठलंही ॲप टाकताना अटी न वाचता 'मान्य' दाबतो ना, तसंच. आईच्या फॉर्मवर सगळीकडे 'नाही' लिहिलं.

तिथल्या डॉक्टर बाईंनी फॉर्म बाजूला ठेवला आणि सरळ आईलाच विचारलं, "अम्मा, पैर में दर्द?"

"थोडा. डावी पोटरी. सफर से," आई म्हणाली.

त्यांनी दोन्ही पोटऱ्या पाहिल्या. डावी स्पष्ट सुजलेली होती, हाताला गरम लागत होती. आईला वाटत होतं, इथे नीट रगडून घेतलं की बरं वाटेल. डॉक्टर म्हणाल्या, आज मालिश नाही, आधी हॉस्पिटल. लांबच्या प्रवासात तासन्‌तास बसून राहिलं की पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. असा पाय रगडला तर ती सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो.

दुपारी डॉपलर सोनोग्राफी झाली. गुठळी होती. आईला दोन दिवस ॲडमिट केलं, रक्त पातळ करणारी औषधं सुरू झाली. त्या रात्री हॉस्पिटलच्या बाकावर बसून मी तो फॉर्म पुन्हा पुन्हा आठवत होते. 'सूज किंवा दुखणं – नाही.' अक्षर माझंच होतं.

परतीचं तिकीट पुढे ढकललं. आई सावरली तशी माझ्याच मागे लागली, "एवढ्या लांब आलीस, तुझी मान तरी दाखव." म्हणून गेले. या वेळी फॉर्मला पंधरा मिनिटं लागली. डॉक्टरांनीही बराच वेळ विचारपूस केली: हाताला मुंग्या येतात का, ताप आहे का, पाळी चालू आहे का, गरोदर आहेस का.

आत लाकडी द्रोणी होती, म्हणजे कडा असलेलं लांबट मेज. एक ताई, कोमट तेल, कमरेला सुती पट्टी. पहिली पाच मिनिटं नुसता संकोच. मग मान जोरात दाबली गेली, तेव्हा सोसत पडण्याऐवजी "पतुक्के" म्हणाले. म्हणजे हळू. हा एकच मल्याळी शब्द शिकून गेले होते, तो कामी आला. शेवटी वाफ, हिरव्या मुगाच्या पिठाने आंघोळ आणि टाळूवर चिमूटभर रास्नादि चूर्ण. मान जादूने बरी झाली नाही, पण त्या रात्री गाढ झोप लागली.

तुमच्यापैकी कुणी पहिल्यांदा जाणार असेल, तर एवढं करा. बुकिंग करतानाच विचारा, आधी तपासणार कोण आणि त्यांचं शिक्षण काय. किती मिनिटं, किती पैसे. बाईला बाई आणि पुरुषाला पुरुषच मालिश करणार ना. पोटभर जेवून लगेच जाऊ नका. तीळ, शेंगदाणे यांची ॲलर्जी असेल तर तेल कुठलं ते विचारा. कपडे किती काढायचे हे तुम्ही ठरवा. नको वाटलं तर मधेच थांबवा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. उठताना सावकाश उठा, तेलकट पायाखाली फरशी फार निसरडी होते. ताप असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल किंवा एकच पाय सुजून दुखत असेल, तर मालिश नाही, आधी डॉक्टर. आणि काहीच न विचारता जिथे थेट मेजावर झोपवतात, तिथून परत फिरा.

आई आता बरी आहे. या दिवाळीत तिच्या पाठीला तेल मी लावलं. हात लावण्याआधी विचारलं, "कुठे दुखतंय का?"

हसून म्हणाली, "आता तू फॉर्म भरायला शिकलीस."