शोध घेणे आणि शोध लागणे

प्रवासवर्णनांत काही विशेषणे इतकी रुळलेली असतात की वाचताना आपण त्यांच्यापाशी थांबत नाही. 'अस्पर्शित किनारा' हे त्यांपैकी एक. भूमध्य समुद्राविषयीच्या लेखनात तर त्याचा सुकाळच आहे. हे विशेषण किनाऱ्याचे वर्णन करते, की तेथे सर्वांच्या आधी पोचल्याच्या लेखकाच्या समाधानाचे, हा प्रश्न आम्हांला दक्षिण फ्रान्समध्ये, मार्सेय आणि कासी यांच्या दरम्यान पडला.

येथे चुनखडीच्या उभ्या कड्यांमधून समुद्राच्या चिंचोळ्या जिभा आत शिरल्या आहेत. त्यांना 'कालांक' म्हणतात. मराठीत 'खाडी' म्हणावे, तर खाडीला नदीचे मुख लागते, भरती-ओहोटी लागते, चिखल लागतो. भूमध्य समुद्राला भरती जवळजवळ नाहीच. हिमयुगात समुद्राची पातळी सुमारे १२० मीटर खाली होती. बर्फ वितळले, पाणी चढले आणि जुन्या दऱ्या बुडाल्या. कालांक म्हणजे त्या बुडालेल्या दऱ्या.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी आम्ही कासीहून पायी निघालो. पहिली लागली पोर-मिऊ: लांबट, नौकांनी भरलेली, काठावर जुन्या दगडखाणीच्या खुणा. दुसरी पोर-पँ, पाइनच्या सावलीतली. तिसरी आँ-व्हो, तिच्यात निसरड्या, उभ्या वाटेने उतरावे लागते. खाली पांढरे गोटे आणि तळ दिसावा असे पाणी. आमच्याखेरीज दोनच माणसे होती, आणि तीही बोलत नव्हती. ते रूढ विशेषण आमच्याही ओठांवर आले होते.

तथापि या किनाऱ्याचा इतिहास त्या विशेषणाला साथ देत नाही. १९६०च्या दशकापासून २०१५च्या अखेरीपर्यंत कासीसमोरच्या समुद्रात, खोल पाण्याखालच्या घळीत, अॅल्युमिनाच्या कारखान्यातला लाल गाळ नळावाटे सोडला जात होता. पाण्याचे निळेपण त्याविषयी काहीच सांगत नाही.

दुसरा पुरावा याहून पुरातन आहे. १९८५ साली आँरी कोस्केर या पाणबुड्याला मॉर्जिऊच्या भूशिराखाली, ३७ मीटर खोलीवर, एका गुहेचे तोंड सापडले. आतल्या भिंतींवर घोडे आहेत, आज नामशेष झालेला मोठा ऑक पक्षी आहे आणि माणसांच्या हातांचे ठसे आहेत. त्यांतले काही सुमारे २७,००० वर्षांपूर्वीचे. 'येथे आम्हीच प्रथम' असे म्हणू पाहणाऱ्यापुढे तो उघडा पंजा आहे. आणि आता चढत्या समुद्राने ही चित्रेही बुडू लागली आहेत.

मराठीत आपण 'शोध घेतो' आणि आपल्याला 'शोध लागतो'. पहिल्यात कर्ता आपण असतो; दुसऱ्यात शोधच कर्ता होतो आणि आपण केवळ ज्याला तो लागला ते. किनाऱ्यांविषयीचे बहुतेक लेखन पहिल्यातच अडकलेले दिसते. आँ-व्होच्या गोट्यांवर बसून आम्हांला लागला तो शोध जागेचा नव्हता. तिथल्या शांततेमागे कोणाचा तरी संयम आहे, याचा होता.

त्या संयमाला आज नियमांचे रूप आले आहे. २०१२ साली येथे राष्ट्रीय उद्यान झाले. सुजितों या कालांकेत गर्दीच्या पावलांनी माती झिजून पाइनची मुळे उघडी पडू लागली, तेव्हा २०२२पासून उन्हाळ्यात दिवसाला ४०० जणांनाच, तेही आगाऊ नोंदणी करून, प्रवेश मिळू लागला. ही नोंदणी विनामूल्य आहे. येथे पैसा कोणाला अडवत नाही, संख्या अडवते.

मग लिहिणाऱ्याने काय करावे? वर्णनाने वाचक तेथे ओढला जातो आणि वर्णिलेली गोष्टच नाहीशी होते; अशा वेळी शब्दांची निवड हा केवळ शैलीचा प्रश्न राहत नाही. वर ज्या जागांची नावे आम्ही घेतली, त्या सर्व नकाशावर ठळक आहेत आणि त्यांना राखणारे कोणी आहे. त्याच वाटेवर आणखी एक लहानशी खोबण आम्हांला दिसली. तिला पाटी नव्हती, पहारा नव्हता. तिचे वर्णन करण्याचा मोह मोठा आहे. ते आम्ही करणार नाही.