जपानचा प्रवास आणि आपले आहार-नियम

जपानहून परतलेल्या आपल्या समाजातील कुटुंबाला फुजी पर्वत कसा दिसला हे कोणी आधी विचारत नाही. पहिला प्रश्न असतो, "तिकडे जेवणाचे कसे केले?" या प्रश्नामागे खरी अडचण आहे. ज्या घरी आईंचा चौविहार आहे, वडिलांना जमीनकंद वर्ज्य आहे, त्या घरी परदेशप्रवासाचा बेत ठरला की वडीलधारी मंडळी "तुम्हीच जाऊन या" म्हणून बाजूला होतात आणि तरुण मंडळी थोड्याशा अपराधी मनाने निघतात. आम्ही वैशाखात सात जण गेलो, त्यांत ७४ वर्षांच्या सासूबाई होत्या. स्वयंपाकी बरोबर नेणाऱ्या यात्रा-कंपन्या आता पुष्कळ आहेत. ज्यांना आपल्या आपण जावयाचे आहे त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. नियम सांभाळून जपान पाहता येतो. मात्र खरी अडचण मांसाची किंवा कांदा-लसणाची नसून, जी डोळ्यांना दिसतच नाही अशा एका पाण्याची आहे.

या पाण्याला जपानी भाषेत 'दाशी' म्हणतात. आपल्याकडे फोडणी, तसे तिकडे दाशी. कात्सुओ नावाचा मासा शिजवून, धुरावर वाळवून लाकडासारखा कडक करतात, त्याचा कीस गरम पाण्यात घालून गाळून घेतात आणि त्या पाण्यात सूप, शेवयांचा रस्सा, उकडलेल्या भाज्या, तळणाबरोबरची चटणी, सारे काही करतात. ताटात माशाचा तुकडाही नसतो. भाजी भाजीसारखी दिसते. टोफूवर भुरभुरलेला कीस तरी दिसतो, रश्शातला दिसत नाही. म्हणून "आम्ही व्हेजिटेरियन आहोत" एवढे सांगणे जपानमध्ये निरुपयोगी ठरते. समोरचा मनुष्य अत्यंत नम्रपणे मान लववून भाज्यांचे ताट आणून देतो आणि त्याच्या दृष्टीने त्याने काहीही चुकीचे केलेले नसते.

आश्चर्य असे की हा देश एके काळी आपल्या बराच जवळ होता. इ. स. ६७५ मध्ये सम्राट तेम्मू यांनी गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचे मांस खाण्यास बंदी घातली. पुढे १८७२ मध्ये सम्राट मेइजी यांनी गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले, तेव्हा लोकांनी ते नव्या युगाचे लक्षण मानले. मासे मात्र बंदीच्या यादीत कधीच नव्हते, आणि म्हणूनच तेथील माणसाला मासा हा 'मांस' या शब्दात येतो असे वाटत नाही.

यावर उपाय म्हणजे पदार्थाचे नाव घेऊन विचारणे. जपानी जाणणाऱ्या कोणाकडून तेथील लिपीत एक चिठ्ठी लिहून घ्यावी व प्रत्येकाच्या पाकिटात एकेक प्रत ठेवावी. तीत निकु म्हणजे मांस, साकाना म्हणजे मासा, तामागो म्हणजे अंडे, तामानेगी म्हणजे कांदा, निन्निकु म्हणजे लसूण, जागाइमो म्हणजे बटाटा, हाचिमित्सु म्हणजे मध, एवढे शब्द हवेतच. आणि त्याखाली ठळकपणे "माशाची दाशीसुद्धा चालत नाही" हे वाक्य हवे. तोंडी विचारावयाचे तर "कात्सुओ-दाशी वा हाइत्ते इमासु का?" म्हणजे "यात कात्सुओची दाशी आहे का?" मिरिन हे तांदळाचे गोड मद्यही स्वयंपाकात सर्रास पडते, तेही चिठ्ठीत लिहावे. चिठ्ठी वाचून उपाहारगृहाने "क्षमा करा, आमच्याकडे जमणार नाही" म्हटले तर वाईट वाटून घेऊ नये. ज्याने नकार दिला त्याने आपला नियम नीट समजून घेतला असे मी मानते.

दुकानातील बंद पाकिटांवर ॲलर्जीच्या पदार्थांची यादी असते. अंडे, दूध, कोळंबी, खेकडा त्यात सापडतात. कात्सुओ मात्र त्या यादीत मोडत नाही. त्यामुळे ती यादी पाहून निर्धास्त होऊ नये, घटकपदार्थांची पूर्ण ओळ फोनच्या अनुवादकातून वाचावी. पाव आणि बिस्किटांत प्राणिज चरबी, काही दह्यांत जिलेटिन असते. उलट तेथील पारंपरिक मिठाई पाहून सुखद धक्का बसतो. लाल चवळीसारख्या अझुकी नावाच्या कडधान्याचे पुरण, तांदळाचे पीठ आणि साखर यांवर ती उभी आहे. पुष्कळ प्रकारांत अंडेही नसते, दूधही नसते. दोरायाकी आणि कास्तेरा या दोन प्रकारांत मात्र अंडे असते. योकान ही अझुकीची वडी समुद्रशैवालापासून काढलेल्या कांतेनने घट्ट केलेली असते. शैवाल अनंतकाय म्हणून जे वर्ज्य करतात त्यांनी ती घेऊ नये. निघण्यापूर्वी महाराजसाहेबांना विचारून ठेवावे.

बौद्ध मठांतील 'शोजिन' जेवणाविषयी पुष्कळांच्या मनात फार आशा असते. ती अर्धी खरी आहे. या जेवणात मांस, मासे नसतात, कांदा-लसूणही वर्ज्य असतो आणि दाशी कोंबू नावाच्या समुद्रशैवालाची किंवा शिताके अळिंब्यांची करतात. परंतु मुळा, गाजर, कमळकंद, रताळे यांवर त्यांचा विशेष लोभ आहे, आणि कोन्याकू नावाचा जेलीसारखा पदार्थ तर एका कंदाच्याच पिठाचा असतो. म्हणजे जमीनकंद न खाणाऱ्यांच्या ताटात अखेर भात, टोफू व पालेभाजी उरते. तरीही कोयासानला एक रात्र अवश्य राहावे असे मी आग्रहाने सुचवीन. इ. स. ८१६ मध्ये कूकाई या आचार्यांनी या डोंगरावर मठ स्थापिला. ओसाकाच्या नाम्बा स्थानकाहून रेल्वेने व शेवटी केबल कारने वर जावयाचे. पन्नासएक मठांत यात्रेकरूंची निवासाची सोय आहे. संध्याकाळचे जेवण साडेपाचच्या सुमारास वाढतात, म्हणजे मे महिन्यात सूर्यास्ताच्या पुष्कळ आधी; पहाटे प्रार्थना असते, पादत्राणे दाराशीच काढतात. तेथील देवदारांच्या राईतील समाध्यांवर सिद्धम् लिपीतील संस्कृत बीजाक्षरे कोरलेली आहेत. एवढ्या दूर, बर्फ पडणाऱ्या डोंगरावर ती अक्षरे पाहून सासूबाई बराच वेळ तेथून हलल्या नाहीत. आपल्याला काय चालत नाही ते मठात आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवावे. ताट समोर आल्यावर सांगू नये.

चौविहार करणाऱ्यांनी तिकिटे काढण्यापूर्वी सूर्याकडे पाहावे. टोकियोत डिसेंबरच्या सुरुवातीला साडेचारलाच सूर्य मावळतो. दिवसभर फिरून साडेचारच्या आत जेवणे म्हणजे फिरणेच सोडणे. जूनमध्ये सूर्यास्त सातला होतो, पण सूर्योदय साडेचारच्याही आधी, म्हणजे नवकारशी सव्वापाचच्या सुमारास येते. चेरीचा बहर मार्चअखेर ते एप्रिलच्या आरंभी असतो, तेव्हा टोकियोत सहाच्या सुमारास अंधारते. २९ एप्रिल ते ५ मे या सुट्ट्यांत सारा जपान प्रवासाला निघतो, तो आठवडा टाळावा. जूनमध्ये पाऊस, नंतर उकाडा व वादळे. आपला चातुर्मासही तेव्हाच असतो. सुट्टीनंतरचा मे महिना सर्वांत सोयीचा.

बरोबर काय न्यावे? खाखरे, थेपले, मेथीचा मसाला, सुंठ, हे सांगावयास नकोच. ताजी फळे, भाज्या, कढीपत्ता मात्र नेऊ नये; कच्चे धान्य व डाळी यांनाही वनस्पती-तपासणीचे प्रमाणपत्र लागते. भारतातील विजेचा लहान कुकर नेण्याची चूक अनेक जण करतात. जपानमध्ये वीज १०० व्होल्टची असते. आपल्या २३० व्होल्टच्या कुकरची उष्णता तेथे पाचव्या हिश्श्यापेक्षाही कमी होते आणि भात रात्रभर शिजत नाही. दोन्ही व्होल्टेजवर चालणारा घ्यावा, किंवा त्याहून बरे म्हणजे स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी. आम्ही तेच केले. तांदूळ, दूध, कोबी, ढोबळी मिरची तेथेच घेतली. हॉटेलांत पाणी उकळण्याची किटली बहुधा असतेच, त्यामुळे उकाळलेल्या पाण्याची अडचण आली नाही.

कागदपत्रांचे थोडक्यात. भारतीयांना व्हिसा लागतो. ई-व्हिसा असेल तर विमानतळावर तो इंटरनेटवरून फोनवर उघडून दाखवावा लागतो, काढून ठेवलेले छायाचित्र चालत नाही. ज्येष्ठांच्या औषधांबाबत दक्ष राहावे. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे एका महिन्याची नेता येतात, त्याहून अधिक हवी असल्यास आधी परवानगी घ्यावी लागते. सर्दीवरच्या स्यूडोएफेड्रिनयुक्त काही गोळ्यांना बंदी आहे. सात दिवसांच्या रेल्वे पासची किंमत ऑक्टोबर २०२३ मध्ये ५०,००० येन झाली. टोकियो-ओसाका एकेरी तिकीट सुमारे साडेचौदा हजार येन पडते, त्यामुळे केवळ एवढ्या प्रवासाला पास परवडत नाही. मोठ्या बॅगा हॉटेलातूनच कुरिअरने पुढच्या गावी पाठवाव्यात, बहुधा दुसऱ्या दिवशी पोहोचतात. लांब पल्ल्याच्या शिंकानसेनमध्ये डबा उघडून खाणे रीतीला धरून आहे. शहरातील लोकलमध्ये नाही.

कोबे शहर अनेकांच्या यादीत नसते, ते घालावे. १९२३ च्या भूकंपानंतर योकोहामातील भारतीय व्यापारी येथे येऊन वसले, आणि पुढे मोत्यांच्या व्यापारामुळे आपली कुटुंबेही आली. किटानो भागात भगवान महावीरस्वामींचे पांढऱ्या संगमरवराचे देरासर १९८५ पासून उभे आहे. मोती काढताना शिंपला मरतो, हे त्या गावात फिरताना मनातून जात नाही. सासूबाईंनी सुनांसाठी मोती घेतले नाहीत, आम्हीही आग्रह केला नाही. दर्शनाच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात. पूजा करावयाची असल्यास पूजेची वस्त्रे घरूनच न्यावीत. सान्नोमिया स्थानकापासून देरासरापर्यंत चढ आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी टॅक्सी करावी.